आरओसीई २० टक्के? भागाकारातला खालचा आकडाही बघा

शेअर बाजाराच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर आरओसीईबद्दल, म्हणजे धंद्यात गुंतवलेल्या भांडवलावरच्या परताव्याबद्दल (रिटर्न ऑन कॅपिटल एम्प्लॉइड), एक मेसेज सतत फिरत असतो. 'आरओसीई २० टक्क्यांच्या वर असेल तर कंपनी उत्तम, घसरला की बाहेर पडा. तो वाढतोय म्हणजे व्यवस्थापन सुधारतंय. बँक असो की कारखाना, नियम एकच. आणि अशी कंपनी कुठल्याही भावाला स्वस्तच.' चारही विधानं ठाम आहेत आणि तपासायला गेलं की चारही डळमळतात.

हिशेब सोपा आहे. व्याज आणि कर वजा होण्याआधीचा नफा वर, भागधारकांचे पैसे आणि कर्ज मिळून होणारं भांडवल खाली. चर्चा वरच्या आकड्याची होते, गोंधळ बहुतेकदा खालच्या आकड्यात असतो.

'घसरला की बाहेर पडा.' एप्रिल २०२० मध्ये हॉर्लिक्स आणि बूस्ट विकणारी ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कन्झ्युमर हिंदुस्तान युनिलिव्हरमध्ये विलीन झाली. मोबदला म्हणून नवे शेअर दिले गेले आणि ते ताळेबंदात बाजारभावाने धरले गेले. परिणाम असा की हिंदुस्तान युनिलिव्हरचं सुमारे ८,००० कोटी रुपयांचं नेटवर्थ, म्हणजे भागधारकांचे पैसे, वर्षभरात ४७,००० कोटींच्या वर गेलं. नफा वाढला होता, तरी मार्च २०२१ च्या ताळेबंदावरून काढलेला आरओसीई आदल्या वर्षीच्या निम्म्याहूनही खाली आला. साबण-शाम्पूच्या धंद्याला काहीही झालं नव्हतं. भांडवलात आलेली भर मुख्यतः ब्रँड आणि गुडविलची, म्हणजे विकत घेतलेल्या कंपनीच्या मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेल्या किमतीची होती.

म्हणून गुडविल काढूनच टाकायचं का? काही विश्लेषक सरसकट तसं करतात, तेही मला पटत नाही. मूळ धंदा किती कसदार आहे हे बघायचं असेल तर गुडविल वगळा. व्यवस्थापनाने हॉर्लिक्ससाठी मोजलेली किंमत वसूल होतेय का, हे बघायचं असेल तर ते धरलंच पाहिजे. दोन प्रश्न वेगळे आहेत, एका आकड्यात दोघांचं उत्तर मिळत नाही.

'वाढतोय म्हणजे सुधारतंय.' १०० कोटींचं यंत्र घ्या, आयुष्य १० वर्षं, घसारा, म्हणजे झिजेपोटी यंत्राच्या किमतीतून वजा होणारी रक्कम, दरवर्षी सारखा. नफा दरवर्षी १० कोटी, आणि हाती येणारी रोकड कंपनी वाटून टाकते. सुरुवातीला आरओसीई १० टक्के. पाच वर्षांनी पुस्तकी किंमत ५० कोटी उरते आणि आरओसीई २० टक्के होतो. व्यवस्थापनाने काय केलं? यंत्र जुनं होऊ दिलं. याउलट जी कंपनी नवा कारखाना उभारतेय, तिचा पैसा अडकलेला असतो पण उत्पादन सुरू झालेलं नसतं. त्या काळात ती या चाळणीत सहज नापास होऊ शकते.

बँकेबद्दल फार लिहायला नको. ठेवी हा तिचा कच्चा माल आहे आणि व्याज हा मूळ खर्च. तो वजा न करता काढलेल्या नफ्याला अर्थ नाही. तिथे मालमत्तेवरचा परतावा बघतात, आणि तो १ टक्क्याच्या वर असला तरी चांगला मानतात.

राहिला 'कुठल्याही भावाला'. आरओसीई कंपनीने गुंतवलेल्या पैशावरचा परतावा सांगतो. तुम्ही बाजारात शेअरला किती मोजले, हे त्या भागाकारात कुठेच येत नाही. पुन्हा हिंदुस्तान युनिलिव्हरच घ्या, २००७ पर्यंतची हिंदुस्तान लिव्हर. २००० ते २०१० या दशकात तिचा आरओसीई २० टक्क्यांच्या बराच वर होता. शेअरचा भाव मात्र दहा वर्षांनी जवळपास तिथेच होता, आणि २००० साली चढ्या भावाने घेणाऱ्यांच्या हाती मुख्यतः लाभांशच लागला.