शाहीर साबळे यांनी 'जय जय महाराष्ट्र माझा' लिहिलेलं नाही!

1 मेच्या कार्यक्रमाचं भाषण परवा पुतणीनं मला फोनवर म्हणून दाखवलं. अख्खं भाषण व्हॉट्सॲपवरून उचललेलं. हाच मजकूर आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत फिरतोय. मलाच तीनदा आला. म्हणे, निरक्षर शाहीर साबळ्यांनी 'जय जय महाराष्ट्र माझा' एका रात्रीत लिहिलं, चाल लावली, त्यात दिल्ली सरकारला दम भरला, म्हणून मरेपर्यंत सरकारनं त्यांना विचारलं नाही.

अहो, गाणं राजा बढे यांचं. चाल श्रीनिवास खळे यांची. साबळे गायले. 2023 साली हे राज्यगीत झालं, त्या शासन निर्णयातच कवी म्हणून राजा नीळकंठ बढे हे नाव छापलेलं आहे. तो कागद उघडून बघायला दोन मिनिटं लागतात. फॉरवर्ड करायला अर्धं, हे खरं.

दम भरल्याचं वाचून तर डोकंच फिरलं. ओळ आहे 'दिल्लीचेही तख्त राखितो'. राखणं म्हणजे सांभाळणं! शाह आलम 1772 मध्ये दिल्लीच्या गादीवर परत बसला तो मराठ्यांच्या जोरावर, आणि त्यात पुढे होते महादजी शिंदे. पुतणी रोज त्याच शिंदे घराण्याच्या जयविलास राजवाड्यावरून शाळेत जाते. पुण्यामुंबईच्या माणसाला कळलं नाही तर एक वेळ चालेल, ग्वाल्हेरवाल्यांना ही ओळ समजावून सांगावी लागावी?

निरक्षर? पसरणी गावचा हा साबळ्यांचा मुलगा अंमळनेरला शिकायला होता, तिथे साने गुरुजींचा सहवास लाभला. 'माझा पवाडा' हे आत्मचरित्र मग कोणी लिहिलं? सरकारनं विचारलं नाही म्हणाल, तर 1998 ची पद्मश्री आहे.

एक मात्र कबूल. गाण्याला राज्यगीताचा मान मिळाला तेव्हा शाहीर नव्हते, 2015 मध्येच गेले. आणि तो आवाज नसता तर हे गाणं घरोघरी पोचलं असतं का, शंकाच आहे. पण म्हणून बढे-खळ्यांची नावं पुसायची?

पुतणीला सांगितलं, तिन्ही नावं घे, बाकीचं गाळ. ती म्हणाली, "काका, मग पाच मिनिटं कशी भरू?"

म्हटलं, शाहिरांचं 'विंचू चावला' म्हणून दाखव. फक्त ते भारूड एकनाथांचं आहे, हे आधी सांग.