शर्टाच्या मापाचे व्हा

दिवाळी जवळ आली की घरातलं कुणीतरी तुमच्याकडं वरपासून खालपर्यंत बघतं आणि म्हणतं, "यंदा तरी एक धड शर्ट घे." हे ऐकून पोटात गोळा येत असेल, तर दोष तुमचा आहे. कपड्यांच्या दुकानात घाम फुटणं, डोकं बधिर होणं, हाताला लागेल तो शर्ट उचलून पळावंसं वाटणं, ही सगळी कच्च्या तयारीची लक्षणं. मी स्वतः गेली वीस वर्षं या विषयात नापास होत आलोय, तेव्हा मार्गदर्शनाला माझ्याइतका लायक माणूस कोल्हापूरच्या अख्ख्या महाद्वार रोडवर सापडायचा नाही.

आधी वेळ नीट निवडा. मंगळवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जावं, गर्दी नसते, असं काही भोळी माणसं सांगतात. अजिबात ऐकू नका. भवानीच्या वेळेला दुकानात शिरलेल्या माणसाला रिकाम्या हातानं बाहेर पडता येत नाही; मालकाचा चेहराच बघवत नाही. शिवाय दुकानातली चारही पोरं तुमच्या एकट्याच्या मागं. "काय दाखवू सर?" "नाही, नुसतं बघतोय." "बघा की निवांत," असं म्हणून ते पोरगं जे दोन पावलं मागं उभं राहतं, ते हँगरला हात लावला की पुढं, हात काढला की मागं. नवरदेवामागं करवली फिरत नसेल इतकं.

त्यापेक्षा दिवाळीच्या आदल्या रविवारी संध्याकाळी सहाला जा. बिंदू चौकात गाडीला जागा मिळायला अर्धा तास धरा. मग महाद्वार रोडला लागा. दोन्ही अंगाला दुकानं, दुकानांपुढं फेरीवाले, फेरीवाल्यांपुढं अंबाबाईचं दर्शन घेऊन आलेली परगावची मंडळी, आणि या सगळ्यांतून वाट काढणारी एक रिक्षा, जी तिथं का आहे हे रिक्षावाल्यालाही माहीत नसतं. "कुठलाबी घ्या दोनशे!" ही आरोळी एका कानात, "ताई, पणत्या!" दुसऱ्या कानात. शर्ट घ्यायला निघालेले तुम्ही दुकानाच्या पायरीपर्यंत पोचता तेव्हा हातात रांगोळीची चाळणी, दोन डझन पणत्या आणि उशीचे अभ्रे असतात.

याला शास्त्रीय नाव आहे. व्हिक्टर ग्रुएन नावाच्या मूळच्या व्हिएन्नाच्या वास्तुविशारदानं 1956 साली अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, साउथडेल हा बंदिस्त मॉल उभा केला. दिव्यांच्या झगमगाटात माणूस काय घ्यायला आलो होतो हे विसरतो आणि नुसता भटकायला लागतो, त्या क्षणाला 'ग्रुएन ट्रान्सफर' म्हणतात. पुढं हा गृहस्थ स्वतःच मॉलवर उखडला आणि म्हातारपणी व्हिएन्नाला परत गेला. आपल्याकडं हेच काम चार पणत्यावाल्या बायका नकाशाबिकाशा न काढता करतात.

आता माप. "सर, साईज?" असं विचारल्यावर बावचळू नका, कारण या प्रश्नाला खरं उत्तर नसतंच. फॉर्मल शर्टावरचा 40 हा आकडा बहुतेक वेळा गळ्याचा असतो, आणि तो सेंटिमीटरमध्ये. पँटवरचा 36 कंबरेचा, इंचात. झब्ब्यावरचा 42 छातीचा, तोही इंचात. एकच माणूस एकाच काउंटरवर तीन आकड्यांचा होतो. त्यात एका कंपनीचा 40 अंगात घुसत नाही आणि दुसऱ्या कंपनीच्या 40 मध्ये तुमच्यासोबत मेहुणाही मावतो. आपले आकडे वर्षानुवर्षं इंग्लंड-अमेरिकेच्या तक्त्यांवरून उसने घेतलेले. म्हणून केंद्रानं निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेकडून 'इंडियासाईज' नावाची मोजणी काढली: 15 ते 65 वयाची 25 हजारांवर माणसं, थ्रीडी स्कॅनर, आणि सहा शहरं. मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बेंगळुरू आणि शिलाँग. कोल्हापूर नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं, त्या गावच्या माना न मोजता देशाची कॉलर ठरणार. आणि तांबड्या-पांढऱ्यावर पोसलेली पोटं? ती तर कुठल्याच तक्त्यात नाहीत.

तरीही शर्टाला नावं ठेवू नका. शर्ट कधीच चुकत नसतो. घट्ट झाला तर पोरगं सांगतं, "दोनदा घातला की सैल पडतोय सर." सैल झाला तर, "एकदा धुतला की बसतोय." एकाच शर्टाबद्दल ही दोन्ही वाक्यं मी पाच मिनिटांच्या अंतरानं ऐकली आहेत, आणि दोन्ही वेळा मान डोलावली आहे.

ट्रायल रूममध्ये जाताना मन घट्ट करा. पडदा डावीकडं ओढला की उजवीकडून फट पडते, उजवीकडं ओढला की डावीकडून. कुठल्या बाजूची अब्रू घालवायची ते आधीच ठरवून जावं. खुंटी एकच. तिच्यावर आधीच्या माणसानं नाकारलेल्या तीन पँटा. नव्या शर्टातल्या टाचण्या काढायला लागा. कॉलरमागची एक, दोन्ही बाह्या पाठीला टाचलेल्या दोन, टोकाला खाली दोन, मग कॉलरखालचं प्लॅस्टिकचं फुलपाखरू, मग पुठ्ठा. दातात टाचण्या धरून तुम्ही मोजता: पाच. टाचण्या सहा असतात. सहावी बगलेत असते आणि ती तुम्ही शोधायची नसते, ती तुम्हाला शोधते. त्यात बाहेरून आवाज, "झालं का हो? लाईन लागलीय!" आणि समोर आरसा. त्या पांढऱ्या दिव्याखाली जो सुटलेला, घामेजलेला, तोंडात टाचण्या धरलेला गृहस्थ दिसतो, त्याच्यासाठी आपण दीड हजार रुपये का घालवतोय हा प्रश्न पडला, की समजावं, तयारी योग्य दिशेनं चाललीय.

एवढ्यावर भागत नसेल तर कुणाच्या तरी बस्त्याला जा. कोल्हापूरजवळचं गांधीनगर त्यासाठी उत्तम. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभी केलेली ही कापडपेठ आपल्या भागातल्या कित्येक लग्नांना पुरून उरली आहे. दोन्हीकडची वीस माणसं गादीवर मांड्या घालून बसतात, चहा येतो, आणि साड्या उलगडायला सुरुवात होते. साठाव्या घडीनंतर रंग डोळ्यांपुढं एकमेकांत मिसळतात. मोरपंखी आणि रामा ग्रीन यांत फरक आहे असं सगळे म्हणतात, तुम्हीही म्हणा. वराच्या आत्याची साडी मावशीच्या साडीपेक्षा पन्नास रुपयांनी हलकी निघाली, तर तो विषय पहिल्या बाळाच्या बारशापर्यंत पुरतो. पुरुषांचं काम पिशव्या धरण्याचं. मध्येच मेहुणी विचारते, "दाजी, तुम्ही सांगा की, ह्यातली कुठली बरी?" उत्तर द्यायचं नसतं. जिच्यावरून तिनं दोनदा हात फिरवलाय, तिच्याकडं बोट करायचं. मी एकदा "दोन्ही सारख्याच की" म्हणालो होतो. त्याला सहा वर्षं झाली.

(घडी मोडलेल्या साठ साड्या बघून काही न घेता उठण्याचं धैर्य असलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. असा माणूस गावात असेल तर त्याला पुढच्या निवडणुकीला उभं करावं.)

आणि हे काहीच जमत नसेल, तर कपाट उघडा. वरच्या कप्प्यात आहेराचे शर्टपीस असतातच: टोपी, टॉवेल आणि पारदर्शक पिशवीतलं ते फिकट निळं कापड, जे चार लग्नांत फिरून परत तुमच्याकडंच आलंय. ते घेऊन पेठेतल्या शिंप्याकडं जा. तिथं साईज कुणी विचारत नाही. मामा गळ्यातली टेप काढतात, वही उघडतात, तुमचं जुनं पान शोधतात आणि आकड्याकडं नि पोटाकडं आळीपाळीनं बघतात. "श्वास सोडा की, सोडा. आपल्यापाशी कशाला?" जुन्या 38 वर काट मारून ते 43 लिहितात. हा एकच माणूस असा, जो तुमच्याऐवजी कापड बदलतो. टाचणी नाही, आरसा नाही, लाईन नाही. मी गणपतीच्या आधीच कापड टाकलंय.

काल गेलो होतो.

"झालाच बघा," मामा म्हणाले. "काज-बटणाला गेलाय."

दसऱ्यालाही तिथंच गेला होता.