हाफ इंजिन की फुल?

इंजिनातलं तेल तपासायची डिपस्टिक बाहेर काढली की तिला तेल चिकटलेलं असावं, एवढीच माणसाची अपेक्षा असते. आमच्या गाडीच्या डिपस्टिकला चहा चिकटून आला. चांगला दुधाळ, साय धरलेला, वेलची तेवढी कमी. आमच्या मेकॅनिक चाचांनी तो बोटावर घेतला, दुसऱ्या बोटाने चोळला, उजेडात धरला आणि "गॅस्केट गया" असं इतक्या हळू आवाजात म्हणाले की बाजूच्या रिक्षावाल्याने बिडी विझवली.

इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये एक पातळ पट्टी असते, ती हेड गॅस्केट. तेल, इंजिन थंड ठेवणारं कूलंट आणि सिलिंडरमधले स्फोट या तिघांनी एकमेकांच्या वाटेला जाऊ नये म्हणून तिची नेमणूक. गाडी प्रमाणाबाहेर तापली की हेड किंचित वाकतं, गॅस्केट हात टेकते आणि तेल-पाणी एकत्र नांदायला लागतं. मग हेड उतरवायचं, लेथवाल्याकडे नेऊन सपाट करून आणायचं, नवी गॅस्केट बसवायची. हे झालं किमान काम. आत रिंगा, पिस्टन, बेअरिंगचं काय झालंय ते "खोलेंगे तो पता चलेगा". या चार शब्दांवर मुंबईतली निम्मी गॅरेजं उभी आहेत.

गाडी तापली ती गणपतीला गावी जाताना, वडखळच्या अलीकडे. दोन्ही बाजूंना ट्रक, पुढे अर्धं कोकण, आणि काटा लालकडे सरकायला लागला. दादा म्हणाला, "हीटर लाव." उपाय शास्त्रोक्त आहे. हीटर लावला की इंजिनाची उष्णता आत खेचली जाते आणि काटा खाली येतो. फक्त ती जाते कुठे, तर आत बसलेल्यांवर. भाद्रपदातलं ऊन, एसी बंद, हीटर पूर्ण. त्यात आमच्या गाडीचं इंजिन बॉनेटखाली नसून पुढच्या सीटखाली आहे, त्यामुळे मला आणि दादाला खालूनही शेक मिळत होता. मागे आईच्या मांडीवर मोदकाच्या पिठीचा डबा होता. आणखी पाच किलोमीटर तसेच गेलो असतो तर गावी पोचल्यावर फक्त सारण भरायचं बाकी राहिलं असतं. वहिनी एकदाच म्हणाल्या, "या हीटरचं बटण आजवर मी एसीचं समजत होते." त्यानंतर गाडीत कोणी काही बोललं नाही.

तर आता प्रश्न असा : दुरुस्त करायची, तशीच ठेवायची, की काढायची?

गाडी २००८ सालची, आठ सीटर, दोन्ही बाजूंना सरकती दारं. मॉडेल केव्हाच बंद पडलं. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच त्यांना जुन्या आठवणींचा त्रास नको. २०२३ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली तेव्हा वडाळ्याच्या आरटीओत नेऊन तिचं फेरनोंदणीचं कार्य उरकलं. फी ५,००० रुपये, शिवाय पर्यावरण कर ३,०००. त्याबदल्यात पाच वर्षांचं आयुष्य मिळालं. २०२८ मध्ये ती विशीत जाईल आणि वीस वर्षांवरच्या मोटारींची फेरनोंदणी २०२५ पासून १०,००० झाली आहे. माणसाला वय वाढलं की रेल्वे पूर्वी सवलत द्यायची, गाडीचं वय वाढलं की सरकार दर वाढवतं. मधल्या काळात ती हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही लावून झाली, ७४५ रुपये आणि वर जीएसटी. त्यामुळे सध्या आमच्या गाडीवरची सगळ्यात नवी आणि सगळ्यात सुरक्षित वस्तू म्हणजे तिचा नंबर आहे.

चाचांचा अंदाज : नुसतं हेड आणि गॅस्केट केलं तर अठरा-वीस हजार, हाफ इंजिन, म्हणजे अर्धंच खोलून झिजलेलं तेवढं बदललं, तर पस्तीस, फुल, म्हणजे सगळंच खोलून नव्याने बांधलं, तर "देख लेंगे". जुन्या गाड्या घेणाऱ्या ॲपवर मी तिची माहिती भरली. चालू स्थितीत चाळीस हजार म्हणाले. चालू नाही असं टिचकवल्यावर पडद्यावर एक चाक बराच वेळ गोल फिरत राहिलं आणि मग "आमचा प्रतिनिधी संपर्क करेल" असं आलं. प्रतिनिधीने अजून धीर केलेला नाही.

घरात मतं मागवण्याची गरज नव्हती, ती आलीच. दादा डोंबिवलीला राहतो. गावी जाताना ही गाडी "आपली" असते आणि विमा भरताना "तुझी". त्याचं मत, दुरुस्त कर. मुलगी म्हणाली, "बाबा, रोज ॲपवरून कॅब केली तरी स्वस्त पडेल." हिशेबाने ती बरोबर आहे, म्हणूनच मी विषय बदलला. बायकोने वहीत गेल्या काही वर्षांचा खर्च मांडला होता. क्लच प्लेट, शॉकर, एसीचा कॉम्प्रेसर, सायलेन्सर, पुन्हा क्लच प्लेट. शेवटी बेरीज न करता तिने वही माझ्यापुढे ठेवली. "अहो, तुम्हीच करा," म्हणाली. आई म्हणाली, "अरे, पण आठ माणसं बसतात तीत." आई अजूनही आठच मोजते. त्यांतली दोन बंगळूरला आहेत, एक कॅनडात आणि एक हॉलमधल्या फोटोत.

भंगाराचा मार्गही तपासला. अधिकृत केंद्रावर गाडी दिली की ते वजनावर पैसे देतात आणि गाडी जमा केल्याचं एक ठेव प्रमाणपत्र देतात. ते दाखवलं की नव्या खासगी गाडीच्या करात राज्याला २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. चांगली योजना आहे. फक्त त्यासाठी आधी नवी गाडी घ्यावी लागते. शिवाय, सक्ती झाली तर बघू, हा विचार होताच. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर गंडांतर आलं तेव्हा मला इथे मुलुंडात झोप लागली नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या राज्य सरकारनेही, मुंबई महानगर प्रदेशात फक्त सीएनजी आणि विजेवरच्या गाड्या ठेवता येतील का, हे तपासायला समिती नेमली. समिती नेमली हे वाचलं आणि मी निर्धास्त झालो.

तरी नवी गाडी बघायला एकदा शोरूमला गेलो. सोबत मोजपट्टी नेली.

मोजपट्टीचं कारण सांगायला हवं. सोसायटीत आमच्या पार्किंगच्या डाव्या बाजूला खांब आहे आणि उजव्या बाजूला शेजाऱ्यांची एसयूव्ही, जिचं एक चाक कायम पिवळ्या रेषेवर असतं. रेषेच्या पलीकडे नाही, अलीकडे नाही, रेषेवर. त्यामुळे भांडताही येत नाही. तिथे गाडी लावली की पुढची दोन्ही दारं वीतभरच उघडतात. मग मी स्टिअरिंगखालून पाय काढतो, गिअर ओलांडतो, दोन सीटांच्या मधून मागे येतो, सरकतं दार सरकवतो आणि कडेकडेने उतरतो. पन्नाशीनंतर माझा जो काही व्यायाम होतो तो हाच. साध्या, बिजागरीच्या दारांची कुठलीही गाडी तिथे लावता येईल, पण लावल्यावर आतच राहावं लागेल.

सेल्समन पोरगा गोड होता. "सर, टचस्क्रीन दाखवू?" मी दार उघडायला सांगितलं आणि खाली बसून कडेपासून मापलं. "सर, सनरूफ आहे." हे मात्र माझ्या मनात भरलं. एसयूव्ही रेषेवर असली तरी वरून बाहेर पडता आलं असतं. पण आईला ते जमणार नव्हतं. मग त्याने जीएसटी समजावला. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के, त्याहून लांब असेल तर ४०. म्हणजे माणसं जितकी सैल बसवाल तितका कर. चार मीटरच्या आतली एक सात सीटर होती, तिच्या तिसऱ्या रांगेत मी बसून पाहिलं. गुडघे हनुवटीला टेकले. "सर, ती लहान मुलांसाठी आहे," तो म्हणाला. आमच्याकडचं सगळ्यात लहान मूल गेल्या वर्षी पदवीधर झालं. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के रोड टॅक्स, विमा, ॲक्सेसरीज असं करत त्याने कागदावर जो आकडा लिहिला, त्याखाली त्याने एक स्मायली काढली होती. मी ती खोडली.

सरकत्या दाराची नवी गाडी मिळतच नाही असं नाही. एक मिळते ती किआची कार्निव्हल. २०२४ मध्ये आली तेव्हा किंमत ६३.९० लाख, एक्स-शोरूम. दार बटणावर सरकतं. पण त्या पैशांत बदलापूरला फ्लॅट येतो, त्याला सरकत्या खिडक्या असतात आणि वर पार्किंग मिळतं. दुसरी मारुतीची ईको व्हॅन. परवडणारी आहे, दार सरकतं, सगळं मापात बसत होतं. पण घरच्यांनी एकमताने हाणून पाडली. मुलगी म्हणाली, "बाबा, खाली उभी केली तर पोरं दप्तरं घेऊन येऊन बसतील." मला खरं तर या जातीच्या गाड्यांबद्दल माया आहे. १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली, पुढे ती ओम्नी झाली, २०१९ मध्ये थांबली. मधल्या पस्तीस वर्षांत तिने शाळेची मुलं नेली, लग्नातले आचारी नेले, रुग्णवाहिका झाली, आणि हिंदी सिनेमातल्या अपहरणांचा अख्खा धंदा तिच्या दारावर चालला. सरकत्या दाराची ही अशी सेवा आहे, पण घरात ऐकतं कोण?

मग सरळ गाडी काढून टाकावी आणि पार्किंग मोकळं ठेवावं? तेही नाही. आमच्या सोसायटीत वाहन नसेल तर जागा जाते आणि वेटिंग लिस्टमधल्या पुढच्या सभासदाला मिळते. एकदा गेली की परत नाही. मुलुंडात गाडी दुसरी मिळेल, खांबाशेजारची का होईना पण जागा दुसरी मिळणार नाही. चाळीस हजारांची गाडी आम्ही जागा राखायला उभी केली आहे, हे बायकोच्या वहीतल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. सेक्रेटरी हल्ली लिफ्टमध्ये भेटले की गाडीची तब्येत विचारतात. लिस्टवर पहिलं नाव त्यांच्या धाकट्या भावाचं आहे.

तेव्हा दुरुस्ती. एका रविवारी कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो, कारण इंजिन दुरुस्त झालं असतं तरी डाव्या दाराचा रोलरही गेला होता. तिथे दुकानादुकानांबाहेर गाड्या उभ्या नसतात, आडव्या असतात : इथे नुसते बंपर, तिथे नुसते आरसे, एका ठिकाणी फक्त स्टिअरिंगांची रास. मी मॉडेलचं नाव सांगितल्यावर दुकानदाराने मला नीट पाहून घेतलं. "चालू है क्या अभी तक?" मग आतून एक गोणी आणली, जमिनीवर रिकामी केली आणि दोघं उकिडवे बसून शोधायला लागलो. नायलॉनचं चाक, मध्ये बेअरिंग, वर एल आकाराची पट्टी. आमच्या पट्टीला दोन भोकं, त्याच्याकडच्याला तीन. "तीसरा छोड दो." बाराशेपासून साडेतीनशेपर्यंत उतरला. रोलर खिशात घालून निघालो तेव्हा मला काही काळ गाडी दुरुस्त झाल्यासारखंच वाटत होतं.

आणि त्याच आठवड्यात सोसायटीची पुनर्विकासाची सभा लागली. विकासकाचे आर्किटेक्ट लॅपटॉप घेऊन आले. ५१ टक्के संमती पुरते, असं सांगून झालं. लोकांनी कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती, देवघर कुठल्या दिशेला, असे नेहमीचे प्रश्न विचारले. मी उठून विचारलं, "पार्किंगची उंची किती?" ते म्हणाले, "काका, पझल पार्किंग आहे. गाडी पॅलेटवर ठेवायची, मशीन उचलून नेतं. साधी गाडी असेल तर दीड मीटर आणि वर थोडी." आमची गाडी एक मीटर नव्वद आहे. वरचं कॅरिअर सोडून. मी म्हटलं, नाही बसणार. बायकोने माझा सदरा खाली ओढला. मागून सेक्रेटरींचा आवाज आला, "नोंद घ्या, नोंद घ्या."

म्हणजे टॉवर झाला की ही गाडी संपली. पण टॉवर होईपर्यंत तिला चालवायलाच हवं, जागा धरून ठेवायला. हा हिशेब मी दुसऱ्या दिवशी चाचांपुढे मांडला. त्यांनी हात पुसले, स्टूल ओढलं, शांतपणे ऐकून घेतलं. मी विचारलं, "तर मग हाफ इंजिन करू की फुल?"

चाचा म्हणाले, "पहले ये बताओ, बिल्डर कौन है?"

मी नाव सांगितलं. चाचांनी आत बसलेल्या पोऱ्याला हाक मारली, "छोटू, फुल खोल."