चिलापीची साक्ष पुरेशी नाही

उजनीच्या पाण्यावरून सोलापुरात चालणारा वाद बहुतेक वेळा टक्केवारीचा असतो: धरण किती भरले, उणे साठ्यात कधी गेले, नळाला पाणी किती दिवसांआड येणार. प्रदूषणाचा विषय निघालाच तर तो हिरवे पडलेले पाणी, जलपर्णी आणि पुण्या-पिंपरीचे मैलापाणी यांच्यापुढे जात नाही, आणि त्यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे पाणी एवढे वाईट असते तर चिलापी (तिलापिया मासा) एवढी सापडली असती का? झुरिकजवळ राहून हा वाद वाचताना मला हेच उत्तर सर्वांत घातक वाटते. चिलापी मुळातच चिवट असते आणि कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरते. शिवाय माणसांनी घेतलेल्या औषधांचे जे अंश मैलापाण्यातून नदीत येतात, त्यांनी मासा सहसा लगेच मरत नाही.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात संशोधनासाठी राखलेल्या एका तलावात २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळ्यांतले कृत्रिम इस्ट्रोजेन लिटरमागे अवघे पाच-सहा नॅनोग्रॅम राहील अशा बेताने सोडण्यात आले. मिनो जातीच्या छोट्या माशांतले नर अंड्यातल्या बलकाचे प्रथिन तयार करू लागले, त्यांच्या वृषणांत अंडपेशी दिसू लागल्या, नवी पिल्ले जवळजवळ निपजेनाशी झाली आणि ती जात त्या तलावातून नाहीशी होण्याच्या बेतात आली. स्वीडनमधल्या प्रयोगांत चिंतेवरच्या एका औषधाने पर्च मासे धीट झाले आणि थवा सोडून एकेकटे फिरू लागले. गिधाडांच्या नाशामुळे आपल्याकडे २००६ मध्ये जनावरांसाठी बंद झालेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक ट्राउट माशांच्या कल्ल्यांना आणि मूत्रपिंडांना इजा करते. माणसांसाठी ते अर्थातच विकले जाते.

स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक शुद्धीकरण केंद्रांत असे अंश काढण्यासाठी ओझोन किंवा सक्रिय कार्बनचा जादा टप्पा बसवायला सुरुवात केली असून त्यासाठी माणशी वर्षाला ९ फ्रँकपर्यंत आकार घेतला जातो. मी तो भरतो, आणि तरीही उजनीसाठी ओझोन मागणे मला हवेतले वाटते, कारण मैलापाण्यावर साधी प्रक्रियाही जिथे पुरती होत नाही तिथे या टप्प्याला काही अर्थ नाही. इथल्या दुसऱ्या एका सवयीला मात्र फारसा पैसा लागत नाही: मुदत संपलेल्या गोळ्या पिशवीत घालून औषधाच्या दुकानात दिल्या की दुकानदार त्या परत घेतो. आपल्याकडे उरलेली पाकिटे घंटागाडीत जातात आणि पातळ औषध मोरीत.

खरा प्रश्न कारखान्यांचा आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूत औषधकंपन्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया झाल्यानंतरही त्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सापडल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढे नसते. केंद्राने जानेवारी २०२० च्या मसुद्यात अशा सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांवर मर्यादा सुचवल्या होत्या, पण २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या गळाल्या, आणि सोलापुरात त्याची चर्चा झाल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. उजनीच्या वरच्या अंगाला कुरकुंभची एमआयडीसी आहे आणि सोलापूरला लागून चिंचोलीची. दोन्हीकडे औषधनिर्मिती होते. तिथल्या सांडपाण्यात कोणते औषध किती आहे हे मोजून जाहीर करा आणि गाळलेल्या मर्यादा परत आणा, ही मागणी जिल्ह्यातल्या खासदार-आमदारांपुढे ठेवायला धरण शंभर टक्के भरण्याची वाट पाहावी लागत नाही.