रविवारी ड्यूटी करणारी नर्स पापी नाही, आणि रविवार कॉन्स्टंटाइनचा शोधही नाही

इंदूरच्या आपल्या मराठी ख्रिस्ती ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, आणि तो माझ्या मावशीपर्यंत पोचला म्हणून हे लिहावं लागतंय. मावशी एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे, रोस्टर काही तिच्या हातात नसतं, कितीतरी रविवार ड्यूटीतच जातात. मेसेज वाचल्यापासून तिचं एकच चाललंय, "माझी प्रार्थना देव ऐकतच नसेल का रे?"

मेसेजमध्ये म्हटलंय की रविवारची उपासना रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. 321 मध्ये सुरू केली, पोपने कॅलेंडर बदलून खरा वार, म्हणजे शनिवार, लपवला, रविवारी चर्चला जाणं म्हणजे श्वापदाची खूण (बायबलात देवाच्या शत्रूची निशाणी) घेणं, आणि विसाव्याच्या दिवशी पगारी काम करणाऱ्याची प्रार्थना देवापर्यंत पोचत नाही, मग ती नर्स असो की ड्रायव्हर.

शेवटचं आधी घेतो, कारण राग त्याचाच आहे. बायबलात लूक 13 काढा. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी सभास्थानात एक बाई आहे, 18 वर्षं कंबरेत वाकलेली, सरळ उभंच राहता येत नाही. येशूने तिला जवळ बोलावलं, हात ठेवले, बाई सरळ झाली. तर तिथला अधिकारी चिडून लोकांना म्हणतो, कामाला सहा दिवस आहेत ना, तेव्हा या बरे व्हायला! येशूने त्याला सरळ ढोंगी म्हटलं, शब्बाथाला बैल-गाढव सोडून पाण्यावर नेता, मग हिला सोडवायचं नाही? मत्तय 12 मध्ये तर तो सांगतो की मंदिरातले याजक शब्बाथाला काम करतात तरी निर्दोष असतात. मग रात्री तीन वाजता पेशंटची कूस बदलणारी, सलाईन संपत आलंय का बघणारी बाई कुठल्या वचनाने दोषी ठरते, ते दाखवा.

आणि शब्बाथाची आज्ञाच वाचायची तर अनुवाद 5 पूर्ण वाचा ना. दास, दासी, बैल, गाढव, परका, सगळ्यांना विसावा मिळावा, कारण तुम्हीही मिसरात दास होतात. आज्ञेचा रोख मालकावर आहे. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांनासुद्धा रविवारची सुट्टी आयती मिळाली नाही, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे 1884 पासून मागत होते तेव्हा कुठे 10 जून 1890 ला मिळाली. जो सुट्टी देत नाही त्याला मेसेजमध्ये एक शब्द नाही आणि जिला मिळत नाही ती पापी, ही कुठली रीत?

आता कॉन्स्टंटाइन. अर्धं खरं आहे, मानतो. 7 मार्च 321 ला त्याने कायदा केला, न्यायालयं आणि शहरातले कारखाने रविवारी बंद, शेतकऱ्याला मात्र काम करायची मुभा. पण ही सरकारी सुट्टी झाली, उपासना त्याच्या कितीतरी आधीची. जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने साधारण 155 च्या सुमारास रोमच्या सम्राटाला लिहिलेला ख्रिस्ती लोकांचा बचाव आजही वाचायला मिळतो, त्याचा 67 वा अध्याय बघा. रविवारी शहरातले, खेड्यातले सगळे एका ठिकाणी जमतात, प्रेषितांच्या आठवणी नाहीतर संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात, मग उपदेश, उभं राहून प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, लोक आमेन म्हणतात. वर्गणी अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांच्यासाठी. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, भाकर घेऊन जातात. न आलेल्याला शाप नाही दिला हो कोणी, त्याचा वाटा त्याच्यापर्यंत पोचवला! मावशीला मी हेच दोनदा वाचून दाखवलं. कॉन्स्टंटाइन तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता.

कॅलेंडरचं तर फारच फालतू आहे. 1582 मध्ये पोपने कॅलेंडर बदललं तेव्हा गुरुवार 4 ऑक्टोबरनंतर शुक्रवार 15 ऑक्टोबर आला, तारखा उडाल्या, वार जिथल्या तिथे. श्वापदाची खूण प्रकटीकरण 13 मध्ये आहे, तिथे हात, कपाळ, खरेदी-विक्री सगळं आहे, वाराचं नावसुद्धा नाही.

सातवा दिवस शनिवार हे बरोबर आहे, आणि कोणी तो मनापासून पाळत असेल तर माझं काहीही भांडण नाही, रोमकरांस पत्र 14 मध्ये प्रेषित पौलाने खास दिवस पाळणारा आणि न पाळणारा दोघांनाही जागा दिलीय. पण त्याच अध्यायात पौल विचारतो की तू आपल्या भावाला दोष का लावतोस, आणि मेसेज पाठवणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर मावशीला द्यावं, मला नको.