जास्त हत्यारं म्हणजे भारी चाकू? त्या मेसेजमधलं एकही वाक्य बरोबर नाही

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, की खिशातला चाकू घ्यायचा तर सगळ्यात जास्त हत्यारं (म्हणजे कात्री, ओपनर, स्क्रू ड्रायव्हर वगैरे) असलेला घ्या, उघडलेलं पातं अडकवून ठेवणाऱ्या लॉकवालाच घ्या, स्टेनलेस आहे म्हणजे गंजत नाही, आणि पातं ६ इंचाच्या आत असलं की पोलीस काही करू शकत नाहीत. शेवटचं वाक्य पोरांना गोत्यात आणेल म्हणून लिहायला बसलो.

आधी हत्यारं. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस चाकू कंपनीचा स्विसचॅम्प ३३ फंक्शनचा, वजन १८५ ग्रॅम. त्यांचाच स्पार्टन १२ फंक्शनचा, साधारण ६० ग्रॅम. १८५ ग्रॅम खिशात घालून अंबडला एक शिफ्ट करून बघा, आठवड्याभरात तो ड्रॉवरमधे जातो आणि मग ऐनवेळी हाताशी नसतो. आणि मोजतात कसं तेही बघा ना, छोट्या क्लासिक एसडीच्या ७ फंक्शनमधे चिमटा, टूथपिक आणि किल्लीची रिंगसुद्धा धरलीय! मी क्लायंबर वापरतो, १४ फंक्शनवाला, कारण त्यात कात्री आहे आणि निफाडला मामांच्या बागेत गेलं की सुतळी काप, पुडी फोड, दिवसभर कात्रीच लागते. कॅन ओपनरच्या टोकाने स्टार स्क्रू पण फिरतो. वाइनच्या बाटलीचं बूच काढायचा स्क्रू नाशकात तरी वाया जात नाही. पक्कड लागत असेल तर मात्र सरळ लेदरमनसारखा पक्कडवाला घ्या.

लॉकचं म्हणाल तर कापताना जोर पात्याला उघडंच ठेवतो, बोटावर मिटतं ते खुपसताना. भोक पाडायला टोच्या दिलेला असतो, तो वापरा. रोज जड काम असेल तर लॉक घ्या, पण हवाच असं काही नाही.

स्टेनलेस गंजतं. घाम, मीठ, लिंबाचा रस पात्यावर सुकू दिला की डाग पडतात. कोमट पाण्यात उघडझाप करत धुवा, नीट कोरडा करा, सांध्यात फूड ग्रेड मिनरल ऑइलचा एक थेंब. खोबरेल अजिबात नको, निफाडच्या थंडीत ते गोठतं आणि पातंच उघडत नाही.

आता कायदा. ६ इंचाचा नियम नाहीच. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं येतात, घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलीत. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला की चाकू बाळगायलाच बंदी घालता येते, तिथे इंच मोजत बसत नाहीत, आणि असे आदेश सणासुदीला निघत असतात. त्या दिवसांत, सिंहस्थाच्या गर्दीत तर नक्कीच, घरी ठेवा. विमानाने जाणार असाल तर चेक-इन बॅगेत टाका, भावाने विसरून हातातल्या बॅगेत ठेवला होता, दोन वर्षं वापरलेला चाकू सिक्युरिटीलाच सोडून यावं लागलं त्याला.