जर्मनीला येताय? डोकं घरीच ठेवा, तेवढंच वजन कमी

ऑक्टोबरच्या सत्राला जर्मनीत शिकायला येणाऱ्या तमाम मराठी बंधू-भगिनींनो, अभिनंदन! एपीएस (कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) झालं, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या अडकवलेल्या ठेवीत, ११,९०४ युरो गेले, व्हिसा लागला, स्टेटसला विमान चढलं. आता सल्ले द्यायला गावभर माणसं मिळतील. त्यांत मीही एक. गेल्याच आठवड्यात माझ्या १४ चौरस मीटरच्या खोलीतून एक पाहुणा १९ दिवसांनी हलला, तेव्हा माझं ज्ञान अगदी ताजं आहे.

तर सगळ्यात आधी, राहायची सोय अजिबात करून येऊ नका. "तिकडे गेल्यावर बघू" एवढं वाक्य पाठ करा. कन्सल्टंट म्हणालाच आहे ना, "होऊन जातं सगळं"? आणि फी घेतलेला माणूस खोटं कशाला बोलेल! बाबांच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी मुलगा जर्मनीत असतोच. त्याचा नंबर काढायचा आणि सकाळी सहाला, चहा घेता घेता, फोन लावायचा. तेव्हा इकडे रात्रीचे अडीच वाजलेले असतात, पण तो उचलतोच. त्याला वाटतं, घरी कुणाचं बरंवाईट झालं. मग म्हणायचं, "दादा, दोन दिवसांचा प्रश्न आहे."

बॅगा भरताना मन मोठं ठेवा. २३-२३ किलोच्या दोन मिळतात. त्यात पाच लिटरचा कुकर, मेतकूट, गोडा मसाला, दोन किलो पोहे (इथल्या इंडियन स्टोअरमध्ये पोहे मिळतात, पण ते काही आईने दिलेले नसतात) आणि दहा वर्षांत संपणार नाही एवढा हिंग. डिग्रीचं मूळ प्रमाणपत्र मात्र घरी कपाटातच राहू द्या. प्रवासात हरवलं तर? आमच्या पाहुण्यांनी नेमकं हेच केलं. प्रवेशाच्या खिडकीवर मूळ प्रत मागितली तेव्हा मोबाइलवरचा फोटो दाखवला. झूम करून.

कुकर रात्री पावणेअकराला लावा. दहानंतर शांतता पाळायची असते, ती इथल्या लोकांनी.

शनिवारी निवांत झोपा आणि रविवारी वाणसामान आणायला निघा. बंद दुकानांच्या काचा फार स्वच्छ असतात.

भाषा शिकू नका. 'डांके' (धन्यवाद) येतंय ना? बास.

मार्कांचं तर फारच सोपं आहे. इथे १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ५.० म्हणजे नापास. त्यामुळे घरी बिनधास्त कळवा, पाचपैकी पाच मिळाले. पेढे वाटतील.

मी माग्देबुर्गात राहतो. इथले महापौर ओटो फॉन गेरिके यांनी सतराव्या शतकात तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा काढून घेतली आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपले, तरी ते सुटेनात. शाळेत हवेच्या दाबाच्या धड्यात वाचलं होतं, पण नीट कळलं ते गेल्या महिन्यात. आमचे पाहुणे आणि माझी गादी यांच्यामध्येही हवा नव्हती.

आता आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करावी लागते. नोंदणीशिवाय टॅक्स नंबर नाही आणि पुढचं राहण्याचं परमिटही नाही. तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तर आमच्या पाहुण्या चिरंजीवांनी आठव्या दिवशी तो कागद माझ्यापुढे सरकवला. "दादा, फक्त सही." अरे, फक्त सही? मी स्वतः भाडेकरू! करारात एका माणसाची खोली लिहिलीय. मी कुठल्या तोंडाने घरमालक म्हणून सही करू? जिथे खरोखर राहायला जायचं नाही, तिथला पत्ता कुणाला नोंदवायला दिला तर ५०,००० युरोंपर्यंत दंड आहे. रुपयांत करून बघ एकदा. मी नाही म्हणालो तर तोंड पाडून बसला, आणि संध्याकाळी त्याच्या आईचा फोन माझ्या आईला. "तुमचा मुलगा साधी सही करत नाही हो. तिकडे गेला की माणूस बदलतो." माझी आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती! सहीवरून! जी मी केली असती तर मला इथून घरी पाठवायची सोय झाली असती!

आणि हे सगळं लिहिलेलं असतं हो. विद्यापीठाच्या वेबसाइटवर. इंग्रजीत. कुठली कागदपत्रं आणायची, वसतिगृहाला अर्ज कधी करायचा, वेटिंग किती महिने असतं. चार पानं. त्याच्या बाबांनी फ्लॅट गहाण टाकून कर्ज काढलं आणि ती चार पानं घरात कुणीच वाचली नाहीत. मोटिवेशन लेटर कन्सल्टंटने लिहिलं, फॉर्म त्याने भरला, विद्यापीठही त्यानेच निवडलं. मग आलास कशाला तू? विमानात बसण्यापुरता? बरं, त्याचं नशीब की सरकारी विद्यापीठ मिळालं, सत्राला काही शे युरोंवर भागतं. त्याच्या वर्गमित्राला त्याच कन्सल्टंटने लाखांच्या फीचं खासगी कॉलेज गळ्यात मारलं. 'जर्मनीत फी नसते' एवढं ऐकून निघालेला पोरगा तो!

मी आलो तेव्हा खोलीसाठी ७२ मेल पाठवले होते. चौघांनी उत्तर दिलं, एकीने खोली दाखवली. पहिली रात्र जॅकेट अंथरून फरशीवर काढली. पण किल्ली माझ्या खिशात होती, आणि ती तीनदा काढून बघितली, हेही सांगतो.

सतराव्या दिवशी मी बोलायचंच बंद केलं, तेव्हा चिरंजीव हलले. शब्दकोश उघडून जर्मनमध्ये मेल लिहिला, एकटा ट्राममध्ये बसून खोली बघायला गेला, मोडकंतोडकं का होईना पण स्वतः बोलला. रात्री आला तो दारातूनच ओरडत, "दादा, मिळाली!" काय तो चेहरा! जग जिंकल्यासारखा. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण गाढवा, हाच मेल जूनमध्ये पुण्यात पंख्याखाली बसून लिहिता आला नसता?

तुझ्या कुकरची रबरी रिंग माझ्याकडेच राहिलीय. न्यायला ये. आणि येण्याआधी मेसेज कर.